सासूबाईंच्या मशीनची फेरआकारणी

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला दिवसभरात कुणी नावाने हाक मारत नाही. गिऱ्हाइकं त्याला मिस्त्री म्हणत, बायको अहो म्हणे, सासूबाई जावईबापू म्हणत. त्यामुळे त्याचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तिन्ही एका ओळीत, एकही चूक न करता छापलेला लिफाफा दुकानात आला, तेव्हा मिस्त्रीने तो न उघडताच ओळखलं की हे सरकारी आहे. प्रेमाने लिहिणारं कुणी इतकं शुद्ध लिहीत नाही.

त्या वेळी एका शिंपीणबाईंचं मशीन टेबलावर उताणं पडलं होतं. मिस्त्रीने हात पुसले, पण पुसून पुसून तेल किती जाणार. कागद उलगडला तेव्हा त्याच्या अंगठ्याचा ठसा नेमका ‘का करण्यात येऊ नये’ या शब्दांवर उमटला. पत्र आयकर कार्यालयाचं होतं. तीन वर्षांपूर्वी पूर्ण झालेल्या आपल्या आकारणीची फेरआकारणी का करण्यात येऊ नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत समक्ष येऊन करावा, असं त्यात म्हटलं होतं. कारण खाली एका ओळीत होतं. जवळच्या नातेवाइकाकडून अठरा हजारांना केलेली जुन्या शिलाई मशीनची खरेदी वाजवी वाटत नाही.

जवळचे नातेवाईक म्हणजे सासूबाई.

ही खरेदी चार वर्षांपूर्वीची. सासूबाई लेकी-जावयाकडेच मागच्या खोलीत राहत. त्यांनी उभा जन्म एका काळ्याभोर, पायाने चालवायच्या मशीनवर काढला होता. नवरा गेल्यावर लेकीला वाढवलं ते त्याच मशीनच्या जोरावर. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. सासूबाई म्हणाल्या, मला सगळं दिसतंय. हे त्या सात महिने म्हणत राहिल्या. त्या सात महिन्यांत त्यांनी शेजारच्या काकूंना चारही बाजूंनी बंद केलेला उशीचा अभ्रा शिवून दिला, एका पायजम्याचे दोन्ही पाय एकमेकांना जोडले, आणि एकदा कापडाबरोबर स्वतःच्या पदराचं टोकही शिवून टाकलं. उठायला गेल्या तेव्हा मशीन सोडेना. लेकीने पैशांचं नाव काढलं की मात्र त्यांचं तोंड बंद. जावयाच्या पैशाने डोळे उघडायचे नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्यांनी ठरवलेलं बदलायला कुणी जात नसे.

तेव्हा मिस्त्रीने एक शक्कल काढली. एका संध्याकाळी तो सासूबाईंच्या खोलीत गेला आणि अगदी धंदेवाईक आवाजात म्हणाला की या बनावटीची मशीनं आता निघत नाहीत, सुटे भाग कुठे मिळत नाहीत, गिऱ्हाइकं अडून बसली आहेत, तेव्हा हे मशीन भागांसाठी मला विकत द्या, दुकानाच्या हिशेबात रीतसर खरेदी दाखवतो. किंमत सांगितली अठरा हजार. ऑपरेशनचा खर्चही, योगायोगाने, अठरा हजारच होता. सासूबाई थोडा वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून बसल्या. मग त्यांनी कागद नाकापासून दोन बोटांवर धरून पावती लिहून दिली, पैसे मोजून घेतले, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचं ऑपरेशन झालं.

एका रविवारी मिस्त्री खरोखरच पेचकस घेऊन त्यांच्या खोलीत गेला. मशीन आडवं केलं, खालचा पत्रा काढला, आणि बघतच राहिला. चाळीस वर्षं चाललेल्या त्या मशीनमध्ये एक दात झिजलेला नव्हता, एक स्क्रू सैल नव्हता. तेलाचा एक थेंब जास्तीचा नव्हता, कमी नव्हता. दुकानात रोज येणारी, गंजलेली, केसांनी आणि धाग्यांनी गच्च भरलेली मशीनं त्याला आठवली. दाराआड सासूबाई डोळ्यांवर काळा चष्मा लावून उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं, आपण दिसत नाही. मिस्त्रीने पत्रा परत लावला, चारही स्क्रू आवळले आणि म्हणाला, आज वेळ नाही, पुढच्या रविवारी बघू.

पुढे काय झालं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. सासूबाईंना दिसू लागलं. मिस्त्री दुकानात गेला की मागच्या खोलीतून टकटकटक आवाज येई आणि त्याच्या चपला दारात वाजल्या की थांबे. मिस्त्री मुद्दाम चपला जोरात वाजवी.

भानगड फक्त एका कागदाची होती. त्या वर्षाची आकारणी चालू असताना तेव्हाच्या आयकर अधिकाऱ्यांनी चार प्रश्न पाठवले होते. मशीन कुणाकडून घेतलं? सासूबाईंकडून, असं मिस्त्रीने खरं लिहिलं. एवढी किंमत का? त्याने कारण लिहिलं. पावती आहे का? त्याने जोडली. आणि चौथा प्रश्न, मशीनचं पुढे काय केलं? मिस्त्रीने लिहिलं, मशीन खोलून भाग कामात घेतले आहेत. ते लिहिताना त्याला खोटं लिहितोय असं वाटलंसुद्धा नव्हतं. पुढचा रविवार चारच दिवसांवर होता.

आता नोटीस खिशात घालून तो तडक कलमकाकांकडे गेला. कलमकाका आयकर कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मुलाच्या वह्या-पेनांच्या दुकानात एका स्टुलावर बसून दिवस काढायचे. कलम विकतात म्हणून त्यांना हे नाव पडलं, असं नवख्या माणसाला वाटे. पण ते पडलं होतं ते दर वाक्यात कायद्याचं कलम सांगायच्या सवयीमुळे. नोटीस वाचता वाचता त्यांचा चेहरा असा फुलला, की जणू नातवाचा पहिला नंबर आलाय.

त्यांनी मिस्त्रीला समजावून सांगितलं ते असं. आकारणी एकदा पूर्ण झाली की ती झाली. सहा वर्षांच्या आत ती पुन्हा उघडता येते, नाही असं नाही, पण त्याला कारण लागतं. करदात्याने काहीतरी लपवलेलं असावं, किंवा खोटं सांगितलेलं असावं, आणि ते खात्याला नव्याने कळलेलं असावं. तेच कागद, तीच पावती, तेच उत्तर आज दुसऱ्या कुणीतरी वाचलं आणि त्यांना ते पटलं नाही, एवढ्यावर नाही उघडता येत.

“आधीच्या साहेबांनी हीच किंमत बघितली, हाच प्रश्न विचारला आणि मान्य केलं,” कलमकाका म्हणाले. “आता खुर्चीवर नवीन बाई आल्यात. खुर्ची बदलली म्हणून फाइल उघडायला लागलं तर माणसाने झोपायचं कधी?”

मिस्त्रीच्या जिवात जीव आला. मग कलमकाकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, तेव्हा सांगायचं राहिलेलं काही आहे का? मिस्त्रीला चौथ्या प्रश्नाचं उत्तर आठवलं. तो नाही म्हणाला. कलमकाकांनी तिथल्या तिथे एका पानाचं उत्तर लिहून दिलं आणि बजावलं की तिथे गेल्यावर हा कागद द्यायचा, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं आणि बाकी तोंडाला कुलूप. मीही येतो बरोबर, असं ते म्हणाले, कारण जुन्या ऑफिसात मिरवायची ही संधी त्यांना सोडवत नव्हती.

घरी जेवताना बायकोने नोटीस मोठ्याने वाचली. मिस्त्री डोळ्यांनी खुणा करत होता, पण तिचं लक्ष कागदात. ‘वाजवी वाटत नाही’ इथपर्यंत ती आली आणि सासूबाईंचा घास हातातच राहिला.

“काय वाजवी वाटत नाही?” त्यांनी विचारलं.

“काही नाही हो, आई,” मिस्त्री म्हणाला. “कागदोपत्री भाषा असते.”

“माझ्या मशीनची किंमत वाजवी नाही म्हणतात का?”

यानंतर सासूबाईंना कुणी थांबवू शकलं असतं तर तो एक चमत्कारच झाला असता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. विकलं कुणी, त्यांनी. पावती कुणाची, त्यांची. मग खुलासा जावयाने का करायचा? मिस्त्रीने जिने फार आहेत असं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी चढेन. बायकोने गर्दी असते असं सांगितलं; त्या म्हणाल्या, मी उभी राहीन. ठरलेल्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या इस्त्रीची साडी नेसून, काखेत कापडी पिशवी धरून दारात तयार होत्या आणि मिस्त्री अजून मोजा शोधत होता.

आयकर कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू’ अशी पाटी होती. पाटीचाच रंग इतका उडाला होता, की आधी तिची दुरुस्ती करावी लागली असती. कलमकाका पहिला मजला थाटात चढले. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या गुडघ्याने नकार दिला. ते तिथल्या बाकावर बसले आणि म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी दम खाऊन येतो. सासूबाई तोवर वर पोचून कुणाला भेटायचंय ते शिपायाला सांगत होत्या. अशा रीतीने मिस्त्री आपला सल्लागार खाली ठेवून आणि सासूबाई बरोबर घेऊन सुनावणीला गेला.

अधिकारीबाई पन्नाशीच्या आसपासच्या, सडपातळ, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेल्या होत्या. खोली लहान होती. तीन भिंतींना लागून फायलींची कपाटं, चौथ्या भिंतीला खिडकी आणि खिडकीतही फायलीच. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि मिस्त्रीकडून उत्तराचा कागद घेतला. तो त्यांनी दोनदा वाचला. मग जुनी फाइल उघडून तेव्हाचे चार प्रश्न काढले, त्यांची उत्तरं काढली, पावती काढली आणि सगळं ओळीने टेबलावर मांडलं. मिस्त्री मान खाली घालून टेबलाच्या कडेचा सुटलेला पत्रा बघत होता. दोन खिळ्यांचं काम होतं.

“तुमचं बरोबर आहे,” अधिकारीबाई शेवटी म्हणाल्या. “तपासणी विभागाचा शेरा आला म्हणून मी नोटीस काढली. पण नातं तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं, किंमतही सांगितली होती, आणि माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी विचार करून मान्य केलं होतं. मला आज ती किंमत जास्त वाटते. पण नुसतं मला वाटून चालत नाही. मी नोटीस मागे घेते.”

मिस्त्रीने मोठा श्वास घेतला आणि उठायला खुर्ची मागे सरकवली. अधिकारीबाईंनी शेरा लिहायला पेन उघडलं. तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

“जास्त वाटते म्हणजे?”

मिस्त्रीने टेबलाखालून पायाने खूण केली. ती टेबलाच्या पायाला लागली.

अधिकारीबाईंनी समजुतीच्या सुरात सांगितलं की आजी, ते आता संपलं, तुमच्या जावयांना काही भरावं लागणार नाही. सासूबाईंना त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. त्या खुर्चीच्या पुढच्या कडेवर सरकल्या आणि त्यांनी मशीनची बाजू मांडायला सुरुवात केली. चाळीस वर्षांत या मशीनचा पट्टा फक्त पाच वेळा बदलला. सुई सोडून काहीही मोडलेलं नाही. मलमलही शिवतं आणि जाड गोणपाटही शिवतं, टाका सुटत नाही. नव्या मशीनांना जाड कापड दाखवलं की ती रडायला लागतात. मग त्यांनी पिशवीतून एक घडी काढून टेबलावर, बरोबर उघड्या फायलीवर पसरली. तो खिडकीचा पडदा होता.

“ही टीप बघा,” त्या म्हणाल्या. “कालच शिवलाय.”

अधिकारीबाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पडद्याची टीप बघितली. टीप खरोखरच सरळ रेघेसारखी होती. मग पडदा अलगद बाजूला सारून त्यांनी चौथ्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा वाचलं.

“काल शिवलाय?” त्यांनी विचारलं. “कुठल्या मशीनवर?”

“अहो, त्याच. दुसरं कुठलं आहे माझ्याकडे?”

मिस्त्रीला वाटलं, दुसऱ्या मजल्यावर जाऊन कलमकाकांच्या शेजारी बसावं आणि तिथेच राहावं. सासूबाईंना मात्र खोलीतली हवा बदललेली कळली नाही. कळली असती तरी त्यांनी पर्वा केली नसती. माणूस म्हणून आपण किती सरळ आहोत हे सांगायचं त्यांच्या मनात होतं, आणि ते अजून सांगून झालं नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. मशीन विकल्यावर ते आपलं राहिलं नाही, त्या म्हणाल्या. जावईबापू भाग काढून न्यायला आले नाहीत हा त्यांचा आळस. चार वर्षं त्या दर महिन्याला आठवण करतात आणि ते पुढचा रविवार म्हणतात. पण दुसऱ्याची वस्तू फुकट वापरायची नाही, म्हणून त्यांनी दर महिन्याला पन्नास रुपये भाडं बाजूला काढलं होतं. वहीत तारखा होत्या. अठ्ठेचाळीस महिने, एकूण चोवीसशे, डब्यात जमा.

हे मिस्त्रीही पहिल्यांदाच ऐकत होता. तो सासूबाईंकडे बघतच राहिला.

“म्हणजे भाड्याचं उत्पन्नही आहे,” अधिकारीबाई हळूच म्हणाल्या. आपण हे मोठ्याने म्हणालो याचंच त्यांना आश्चर्य वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच ओठ घट्ट मिटले आणि त्यांच्या गालाला खळी पडली ती पडलीच.

मग त्यांनी मिस्त्रीला विचारलं, मशीन का खोललं नाही? सुनावणीतला हा एकच खरा प्रश्न होता आणि त्याचं खरं उत्तर देता येत नव्हतं. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, ताठ. हे मशीन मला नकोच होतं, तुमचे डोळे हवे होते, असं त्यांच्यादेखत सांगितलं असतं तर चार वर्षांपूर्वीचे अठरा हजार त्या खोलीत उपकार होऊन पडले असते, आणि सासूबाईंनी ते उचलून परत करायला उरलेला जन्म घालवला असता. मिस्त्रीने दोन्ही तळहात गुडघ्यांवर पुसले.

“खोलायला गेलो होतो, मॅडम,” तो म्हणाला. “आत एकही भाग झिजलेला नव्हता. पंचवीस वर्षं हे काम करतोय. असं मशीन मी खोलू शकलो नाही.”

हे खरंच होतं. सासूबाईंनी अधिकारीबाईंकडे असं बघितलं की आता बोला.

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं की या वहीच्या झेरॉक्स काढायला तुम्ही जाल का शिपायाबरोबर, वही तुमची आहे, तुमच्यासमोर काढलेली बरी. सासूबाईंना हे एकदम पटलं. शिपायाला वहीला हात लावू न देता त्या त्याच्या मागून गेल्या.

दार लागल्यावर अधिकारीबाईंनी विचारायची वाट न बघता मिस्त्री बोलू लागला. डोळ्यांचं ऑपरेशन होतं, तो म्हणाला, आणि उसने म्हणून दिले असते तरी घेतले नसते. चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं तेव्हा खरंच खोलणार होतो. निदान तसं वाटत होतं. चूक माझीच.

अधिकारीबाईंनी शांतपणे त्याला समजावलं की आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किंमत आणि नातं यांबद्दल फाइलला पहिल्यापासून माहीत होतं. त्यावरून त्या आकारणी उघडू शकत नाहीत आणि उघडणारही नाहीत. पण मशीन खोललेलं नाही, ते घरात चालतंय, हे फाइलला माहीत नव्हतं. उलट चुकीचं सांगितलं गेलं होतं. हे आज नव्याने कळलं. सहा वर्षं व्हायची आहेत. तेव्हा ही नोटीस मागे जाईल आणि हे कारण लिहून दुसरी येईल.

“उत्तरात काय लिहू?” मिस्त्रीने विचारलं. “ऑपरेशनचं लिहावं लागेल?”

“मशीन कुठे आहे आणि कसं आहे, तेवढं लिहा. का घेतलं ते कायदा विचारत नाही. मीही विचारलेलं नाही.”

सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात वही आणि झेरॉक्सची पानं होती आणि त्या शिपायाला त्याच्या बाहीची शिवण उसवल्याचं सांगत होत्या. पडदा त्यांनी घडी करून पिशवीत ठेवला. अधिकारीबाईंनी टीप चांगली आहे असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग, सांगत काय होते मी.

दुसऱ्या मजल्यावर कलमकाका अजून दमच खात होते. त्यांनी उठत उठत विचारलं, घेतली ना मागे? मिस्त्री म्हणाला, घेतली, आणि दुसरी येतेय. काय झालं ते ऐकल्यावर कलमकाका पुन्हा बाकावर बसले. सासूबाईंसमोर त्यांना काही बोलता येईना, आणि न बोलता राहवेना. शेवटी त्यांनी एका कलमाचा नुसता आकडा उच्चारला आणि डोळे मिटले. पण गडी न्यायी होता. खाली रस्त्यावर आल्यावर त्यांनी मान्य केलं, की बाईंनी केलं ते शंभर टक्के कायदेशीर आहे. हे सांगताना त्यांच्या आवाजात जुन्या ऑफिसबद्दल थोडा अभिमानच होता.

दुसरी नोटीस दहा दिवसांनी आली. या वेळी उत्तर लिहायला मिस्त्रीची बायको बसली. चार वर्षं ती सगळं बघत होती आणि गप्प होती. आता तिने पेन हातात घेतलं आणि नवऱ्याला प्रत्येक वाक्याला विचारू लागली, हे झालंय की व्हायचंय? झालेलं असेल तेवढंच ती लिहीत होती. पाऊण तासात मिस्त्रीची सात वाक्यं छाटून दोन उरली. मशीन खोललेलं नसून चालू स्थितीत घरी आहे. पूर्वी दिलेलं उत्तर चुकीचं होतं. मिस्त्रीला ते फारच उघडंबोडकं वाटलं. त्याने आदरपूर्वक, नम्रपणे असं काहीतरी घालायला सुचवलं. बायको म्हणाली, सही करा.

महिन्याभरात आदेश आला. अठरा हजारांचा खर्च धंद्यातून वगळला होता, त्यावरचा कर आणि व्याज मिळून पाच हजारांच्या आत रक्कम होती, आणि चूक कबूल केली असल्यामुळे दंड लावला नव्हता. मिस्त्री रांगेत उभा राहून पैसे भरून आला. त्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद राहिलं आणि त्या शिंपीणबाई दोनदा येऊन परत गेल्या, एवढाच काय तो जास्तीचा तोटा.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासूबाई खिडकीपाशी आदेश वाचत बसल्या होत्या. घरातला प्रत्येक छापील कागद वाचायची त्यांना ऑपरेशननंतर सवयच लागली होती. औषधाच्या डबीवरची बारीक अक्षरंसुद्धा त्या सोडत नसत. आदेशातली एक ओळ त्यांनी बोटाने धरून ठेवली होती. सदर मशीन हे व्यवसायासाठी नसून घरगुती वापरासाठी घेतल्याचे दिसून येते, असं तिथे लिहिलं होतं.

मिस्त्रीने पाणी पिऊन घेतलं. सासूबाईंनी कागदाची घडी केली.

“मी तेव्हा बाजारात विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “दोन हजारांच्या वर कुणी देत नव्हतं.”

मिस्त्रीच्या हातात भांडं तसंच राहिलं. बायको दारात येऊन उभी राहिली होती.

“मग काही बोलला नाहीत, आई?” मिस्त्रीने विचारलं.

“तुम्ही हिशेबात लिहिणार म्हणालात. पावती मागितलीत. मग मला पैसे घेता आले.” त्यांनी थोडं थांबून चष्मा काढला, पुसला, परत लावला. “दिसत नव्हतं हो काहीच. पायजमा शिवला ना मी, त्याच्या आधी दोन महिने नुसता अंदाज चालला होता.”

मग सासूबाई उठल्या, कपाटातून एक पत्र्याचा डबा काढून आणला आणि मिस्त्रीसमोर ठेवला. आता पन्नास महिने झाले होते, अडीच हजार. मिस्त्रीने डबा मागे सरकवला. घरगुती वापर म्हणून सरकारनेच लिहून दिलंय, तो म्हणाला, मग भाडं कसलं? सासूबाईंनी डबा पुढे सरकवला. वापर घरगुती असला तरी मशीन विकलेलं आहे, अठरा हजार घेतलेले आहेत आणि ती गोष्ट मागे जाणार नाही. डबा टेबलावर तीन वेळा इकडून तिकडे गेला. शेवटी बायकोने तो उचलला, पैसे मोजले आणि आईला पावती लिहून दिली. सासूबाईंनी पावती वाचून बघितली, तारीख राहिली होती ती घालून घेतली, आणि मागच्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने टकटकटक आवाज सुरू झाला. मिस्त्री घरात होता, चपला केव्हाच काढलेल्या होत्या, तरी आवाज थांबला नाही.

भाड्याचं काय करायचं हे विचारायला मिस्त्री कलमकाकांकडे गेला. मिळालं त्या वर्षी दाखवायचं, काका म्हणाले, आणि त्यांनी उत्साहाने कलमही सांगितलं. त्या वर्षीच्या विवरणपत्रात दुकानाच्या उत्पन्नाखाली बायकोने आपल्या स्वच्छ अक्षरात आणखी एक ओळ लिहिली. शिलाई मशीनचं भाडं, मशीन एक, भाडेकरू सासूबाई. यंदा सगळं खरं आणि सगळं सांगितलेलं असल्याने मिस्त्री निवांत होता. फक्त वरून पुन्हा एखादा प्रश्न आला आणि सासूबाईंनी पिशवी काखेला मारली तर काय, एवढीच धाकधूक त्याला वाटत होती. पण आकारणी पूर्ण झाल्याचं पत्र आलं आणि त्या ओळीबद्दल कुणी काहीच विचारलेलं नव्हतं. सासूबाईंना जरा वाईटच वाटलं.